सरासरी दोन रोगी

आरमोरीजवळच्या एका लहानशा दवाखान्यात जया औषधांचा साठा सांभाळायची. पावसाळ्यात तिथे साप चावलेले रोगी आठवड्याला सरासरी दोन येत. म्हणून फ्रिजमध्ये ती तिघांपुरती सर्पविषावरची लस ठेवायची. मागच्या वर्षी मात्र एकाच आठवड्यात चौघे आले. चौथा मनसाराम, तलावात मासे धरणारा. त्याला गडचिरोलीला न्यावं लागलं. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की जया फ्रिज उघडून लसीच्या कुप्या मोजायची.

धाकटी बहीण स्वाती चंद्रपूरला संख्याशास्त्र शिकायची. उन्हाळ्यात ती घरी आली, तेव्हा जया म्हणाली, "एकाच हप्त्यात चौघं आले, म्हंजे साप वाढले असतीन."

"साप नाई वाढले, ताई." स्वातीनं मूठभर धान फरशीवर उधळलं. "पाह्य, या फरशीवर एकबी दाणा नाई, त्या फरशीवर पाच. कोणी ठरवून टाकले काय? रोगीबी असेच येतेत. सरासरी दोन असली, तरी सातातल्या एखाद्या हप्त्यात चार नाई तर जास्त येतीनच. याले पॉयसन वितरण म्हनतेत."

"विषाचं नाव?"

"नाई वं, गणितज्ञाचं आडनाव."

जयाला हसू आलं नाही. म्हणजे मागच्या वर्षीचा तो आठवडा अघटित नव्हताच! तिनं वर मागणी करून करून पाचजणांपुरती लस मिळवली.

जुलैत पाऊस लांबला आणि आला तो सगळीकडे एकदमच. गावोगावच्या बाया एकाच वेळी धानाच्या रोवणीला चिखलात उतरल्या. जयानं घाबरून स्वातीला फोन लावला, "आता सरासरी दोनच राहीन का?"

स्वातीनं आकडेमोड केली. "नाई. सारेच धानाच्या बांधीत उतरले तर सरासरीच वाढते. चार धर. मंग पाचजनांची लस पाचातल्या एखाद्या हप्त्यात पुरनार नाई."

दुसऱ्या दिवशी जया स्वतः बसनं गडचिरोलीला गेली आणि बर्फाच्या डब्यातून आणखी तिघांची लस घेऊन आली.

त्या आठवड्यात सहाजण आले. सहावी सोनीबाई. पापण्या मिटत होत्या, बोलणं जड झालं होतं. सुई लागल्यावर जया खाटेशेजारीच बसून राहिली. सायंकाळी सोनीबाईनं डोळे उघडले, "पानी दे वं." जयानं पेला तिच्या ओठांना लावला.

"आता पुढचा हप्ता तरी हलका जाईन ना?" जयानं रात्री फोनवर बहिणीला विचारलं.

"मागच्या हप्त्यात किती आले, ते पुढच्याले मालूम नसते, ताई."

सोमवारी जया पुन्हा गडचिरोलीच्या बसमध्ये बसली.