चौऱ्याहत्तर नंबरच्या पोराची आई

ओझेला प्रेविट अलाबामातल्या टॅलमन गावात शाळेची पिवळी बस चालवायची. एवढ्या वर्षांत तिच्या हातून त्या बसला साधा ओरखडा पडला नव्हता. मागच्या बाकावर कोण कुणाचे केस ओढतंय हे तिला आरशात न बघता कळायचं, आणि तिने नुसतं "हं!" म्हटलं की सगळी बस चिडीचूप व्हायची. नवरा रॉस्को कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला. दोघांना एकुलता एक मुलगा, टॅवेरस. तो गावच्याच कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात निवडला गेला, त्या दिवशी रॉस्कोने अंगणात खांब रोवला आणि त्यावर संघाचा, म्हणजे कॉपरहेड्सचा, तांबडा झेंडा चढवला. मग खाली उभा राहून कितीतरी वेळ नुसता वर बघत राहिला.

टॅलमनमध्ये कॉलेज म्हणजे कॉपरहेड्स, आणि कॉपरहेड्स म्हणजे कोच हचेन्स. शनिवारी सामना असेल तर त्या दिवशी गावात कुणी लग्न ठरवत नसे, आणि मेलेल्या माणसालाही रविवारपर्यंत थांबावं लागे. गोऱ्यांचं चर्च वेगळं, प्रेविटांसारख्या काळ्यांचं चर्च वेगळं; पण प्रार्थनेत कोच हचेन्सचं नाव दोन्हीकडे यायचं.

टॅवेरस उंच, अगडबंब आणि स्वभावाने गरीब. समोरच्या संघाच्या धिप्पाड गड्यांना छातीने अडवून धरायचं हे त्याचं काम. पाठीवर नंबर चौऱ्याहत्तर. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला. अलाबामातला ऑगस्ट, डांबर चपलेला चिकटत होतं. त्या दुपारी संघ आळशीपणा करतोय असं कोचला वाटलं आणि त्याने सगळ्यांना मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवायला सुरुवात केली. शेवटचा माणूस वेळेत पोचेपर्यंत पाणी नाही. शेवटचा माणूस टॅवेरस होता.

ओझेला इस्पितळात पोचली तेव्हा त्याच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या रचलेल्या होत्या आणि आता त्यांचा काही उपयोग नव्हता; तो गेला होता. बाहेरच्या बाकावर त्याचा वसतिगृहाच्या खोलीतला जोडीदार जमार्कस गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"काकी, त्यानं पाणी मागितलं होतं," तो म्हणाला. "परत परत मागितलं. कोच म्हणाले, सामन्याच्या चौथ्या डावात तुझी आई येणार आहे का बाटली घेऊन? सगळे हसले. मीपण हसलो, काकी."

ओझेलाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करायचं तिला सुचलं नाही.

गावचं वर्तमानपत्र 'टॅलमन हेरल्ड'. त्यात खेळाचं पान लिहायचा ग्रेडी विकर. कोचबरोबर मासे धरायला जाणारा, कोचच्या मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसलेला माणूस. त्याने लिहिलं, की टॅवेरस प्रेविटच्या वजनाची संघाला आधीपासून काळजी होती. की त्याने स्वतःच्या तब्येतीबद्दल काही लपवलं होतं का, याचा तपास चालू आहे. आणि की सरावाच्या आदल्या संध्याकाळी तो एका पार्टीत होता. सोबत फोटो. टॅवेरस हसतोय, हातात बिअरच्या पार्टीत असतो तसला लाल पेला.

ओझेलाने तो फोटो बघितला. तो फोटो तिनेच काढला होता. पेल्यात चहा होता, बर्फ घातलेला, गोड. आणि टॅवेरसचा दुसरा हात ज्या खांद्यावर होता तो तिच्या आईचा खांदा होता; वाढदिवस म्हातारीचा होता. म्हातारीला फोटोतून कापून टाकलं होतं. पानाच्या कडेला तिची नुसती तीन बोटं उरली होती.

त्याच आठवड्यात संघाचा लाडका खेळाडू, बँकवाल्याचा मुलगा, दारू पिऊन गाडी घेऊन खड्ड्यात गेला होता. 'हेरल्ड'मध्ये त्याच्यावर चार ओळी आल्या. मथळा होता, 'किरकोळ अपघातातून सुखरूप.'

ओझेलाने हेरल्डला फोन लावला. ग्रेडी विकर अगदी गोड बोलला.

"प्रेविटबाई, तुमच्या दुःखात आम्ही सगळे सामील आहोत."

"दुःख राहू दे. तो चहा होता. आणि माझ्या पोरानं पाणी मागितलं होतं, ते छापा."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिने जमार्कसचं नाव सांगितलं. ते तिने सांगायला नको होतं. दोन दिवसांनी पेपरात जमार्कस बोलला: "कोच आम्हाला वडिलांसारखे आहेत. टॅवेरसनं पाणी मागितलेलं मी ऐकलं नाही." त्याची फी कॉलेज भरत होतं. दफनाच्या दिवशी तो चर्चच्या दारापर्यंत आला, ओझेला दिसली आणि तिथूनच परत फिरला.

पाद्रीबाईंनी केक आणला. जवळ बसून, तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ओझेला, देवानं दिलं, देवानं नेलं. आता कोर्टबिर्ट काढून गावाला नको गं त्रास देऊस. पोरं कशी खचलीत बघ."

"कुठली पोरं?"

"संघाची गं. पहिला सामना तोंडावर आलाय."

ओझेलाने केक तसाच उचलला आणि त्यांच्या गाडीच्या टपावर नेऊन ठेवला.

पहिल्या सामन्याला कॉलेजने आई-बापांना मैदानात बोलावलं. चौऱ्याहत्तर नंबरचा सदरा चौकटीत घालून देणार होते. ओझेला म्हणाली, मी मेले तरी जाणार नाही. रॉस्कोने रविवारचा कोट चढवला.

"कशाला जातोयस?"

"त्याचं नाव घेणार आहेत. ऐंशी हजार माणसांत. कुणीतरी असायला नको तिथं?"

तो गेला. नाव घेतलं. ऐंशी हजार माणसं उभी राहिली. रॉस्कोच्या दोन्ही हातांत चौकट होती, एवढ्यात कोच हचेन्स पुढे आला आणि त्याने रॉस्कोला छातीशी कवटाळलं. कॅमेरे त्याच जागी उभे होते. दुसऱ्या दिवशी हेरल्डचं अख्खं पहिलं पान त्या मिठीचं होतं. वर मोठ्या अक्षरांत: 'बापाने क्षमा केली.'

ओझेलाने पेपर टेबलावर त्याच्यासमोर पसरला.

"केलीस?"

"त्यानं धरलं मला. मी नाही धरलं. माझ्या हातात चौकट होती, ओझेला. ढकलू कसं? सगळे बघत होते."

"म्हणूनच ढकलायचं होतं."

 त्या दिवसानंतर रॉस्को बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपू लागला. ओझेलाने त्याला कधी आत ये म्हटलं नाही.

मग न्यूयॉर्कहून टीव्हीवाली आली. मेरेडिथ केस्लर नाव. तिने पायातल्या भारी बुटांसकट गुडघ्यांवर बसून ओझेलाचे हात धरले. "ताई, सगळ्या देशाला कळायला हवं," ती म्हणाली. महिन्याभरात ओझेलाचं ऐकायला आलेलं ते पहिलं माणूस. ओझेलाने तिला मक्याचा पाव खाऊ घातला, टॅवेरसची खोली दाखवली, सगळं सगळं सांगितलं. कॅमेऱ्यासमोर मेरेडिथने विचारलं, ही माणसं कशी आहेत? ओझेला म्हणाली, "तुम्हाला वाटेल हे राक्षस आहेत. नाहीत हो. आमचीच माणसं आहेत. म्हणून तर जास्त लागतं."

कार्यक्रम लागला तेव्हा ती आणि रॉस्को सोफ्याच्या दोन टोकांना बसले होते. कार्यक्रम अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॉलेजांच्या बेताल संस्कृतीवर होता. शर्ट काढून पिंपातली दारू पिणारी गोरी पोरं, चिखलात लोळणाऱ्या मुली, बंदुका, पुन्हा दारू. मधेच टॅवेरस आला, हातात तोच लाल पेला, आणि गेला. त्यांचं घर दाखवलं, म्हणजे मोडका झोपाळा आणि गंजलेली कुंपणाची जाळी दाखवली. ओझेलाने त्या दिवसासाठी धुऊन इस्त्री करून लावलेले पडदे कुठेच नव्हते. मग तिचा चेहरा पडदाभर आला आणि तो चेहरा म्हणाला: "हे राक्षस आहेत."

एवढंच. पुढचं कापलं होतं.

"मी असं नाही म्हणाले," ओझेला म्हणाली.

"म्हणालीस की," रॉस्को म्हणाला. "आत्ता सगळ्या देशानं ऐकलं." मग त्याला स्वतःलाच ते बोलणं बोचलं असावं, कारण तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

तिने मेरेडिथला फोन केला. तिथून एका तरुण पोरीने सांगितलं की मॅडम दुसऱ्या राज्यात आहेत, वादळ आलंय तिकडे.

गावाने मात्र ऐकलं होतं. दुकानात वाणसामान भरताना मागून आवाज यायचे. "राक्षसांच्या दुकानातलं दूध चालतं वाटतं हिला?" एकदा एक गोरी बाई, जिची दोन्ही लेकरं ओझेलाने पहिलीपासून शाळेत पोचवली होती, तिच्या तोंडावर म्हणाली, "पोराला जेवण कमी घातलं असतंस तर पळाला असता." मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. ओझेलाने सामानाची ढकलगाडी तिथेच सोडली आणि हात हलवत घरी आली.

पुढे पालकांनी शाळेकडे तक्रार केली: बाईचं डोकं ठिकाणावर नाही, तिच्या हाती मुलं कशी द्यायची? शाळेच्या बस सांभाळणारा साहेब स्वतः बसच्या यार्डात आला. बिचारा खाली मान घालून बोलत होता.

"ओझेला, थोडे दिवस. लोक शांत होईपर्यंत. तू बसेस धुवायचं बघ."

"माझ्या हातून काय चूक झाली?"

"चूक नाही गं. पण सारखे फोन येतात."

त्या दिवसापासून ती बसेस धुऊ लागली. लोक शांत झाले, पण तिची बस तिला परत मिळाली नाही.

संघ त्या वर्षी जिंकतच गेला. प्रत्येकाच्या शिरस्त्राणावर चौऱ्याहत्तरची चिकटपट्टी होती. 'शोकाचं बळ' असं ग्रेडी विकरने लिहिलं. कोचच्या डोळ्यांतल्या पाण्यावर त्याने अर्धं पान खर्च केलं. चिकटपट्ट्या दुकानांतही विकायला आल्या, आणि ओझेला धूत होती त्या एका बसच्या मागेही कुणीतरी एक लावली होती. नखाने खरवडून निघेना. तिने पत्र्याच्या पट्टीने ती काढली.

पुढच्या वर्षी कॉपरहेड्स हरू लागले. आधी घरी हरले, मग शेजारच्या राज्याच्या संघाकडून त्यांनी असा काही मार खाल्ला की लोक सामना अर्धवट सोडून घरी गेले. मग कोच हचेन्सची पोरांशी वागणूक कशी होती याबद्दल हेरल्डला प्रश्न पडू लागले. नोव्हेंबरात कॉलेजने त्याला काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रेडी विकर ओझेलाच्या दारात उभा होता, टोपी हातात घेऊन.

"प्रेविटबाई, आता तुमची बाजू मांडायची वेळ आलीय."

"माझी बाजू तेव्हाच होती. तुम्हाला फोन केला होता."

"तेव्हा वाचकांची मनःस्थिती नव्हती. आता आहे."

"म्हणजे ते हरले म्हणून."

ग्रेडी टोपी फिरवत राहिला. नाही म्हणाला नाही, हेच काय ते त्याचं खरेपण.

ओझेलाला त्याच्या तोंडावर दार लावायचं होतं. पण रॉस्को मागून आला आणि अगदी हळू म्हणाला, "सांग त्याला. पाण्याचं सांग. ह्याच्याशिवाय कोण छापणार आहे?" तिने नवऱ्याकडे बघितलं. वर्षभरात तो केवढा म्हातारा झाला होता. तिने दार उघडं ठेवलं आणि सगळं पुन्हा सांगितलं: चहाचं, म्हातारीच्या खांद्याचं, पाण्याचं, मिठीचं. ग्रेडीने सगळं टिपून घेतलं. मिठीपाशी मात्र त्याचं पेन थांबलं.

ते छापून आलं. पाणी होतं, कोच होता, त्याचं ते आईबद्दलचं वाक्य होतं. जमार्कसला आता सगळं आठवत होतं. फोटो, चहा आणि मिठी यांबद्दल अवाक्षर नव्हतं, कारण ती हेरल्डची स्वतःची कामं होती. हचेन्स फ्लोरिडात दुसऱ्या संघाकडे गेला.

वसंतात हेरल्डच्या त्या लेखमालेला राज्याच्या पत्रकारांचं बक्षीस मिळालं. राजधानीत, माँटगमरीच्या हॉटेलात जेवण होतं. ओझेलालाही बोलावलं. ती गेली, कारण पोराचं नाव घेणार होते. त्या सामन्याला रॉस्को का गेला होता ते तिला गाडीत बसल्यावर कळलं. ग्रेडी विकर व्यासपीठावर म्हणाला, की सत्याला उशीर होतो पण ते थांबत नाही, आणि ज्या मातेच्या धैर्यामुळे हे शक्य झालं तीही आज आपल्यात आहे. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. ते इकडेतिकडे बघून वाजवत होते, कारण ती नेमकी कुठे बसलीय हे कुणाला ठाऊक नव्हतं. ओझेला काटा हातात धरून बसून राहिली. शेजारची मोत्यांची माळ घातलेली बाईही टाळ्या वाजवत होती. खाली बसल्यावर तिने हसून ओझेलाला विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या पेपरात?"

"मी बसेस धुते," ओझेला म्हणाली.

"अय्या, कित्ती छान," बाई म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे वळली.

घरी आली तेव्हा रॉस्को अंगणातल्या पायरीवर होता. खांबावरचा झेंडा त्याने उतरवला होता, पण टाकून द्यायला जीव होत नव्हता, म्हणून घडी करून मांडीवर घेऊन बसला होता. "नाव घेतलं?" त्याने विचारलं.

"पोराची आई म्हणाले," ती म्हणाली. "त्याचं नाव नाही घेतलं." आणि चपला काढून ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.