विहाराच्या खात्यावरचं नाव

मीनल शेजवळ लंडनमधल्या ईलिंगला नांदत होती, पण दर वसंतात अमेरिका तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसायची. जन्म डेट्रॉइटचा, पासपोर्ट तिकडचा, मराठी मोडकी. आणि अमेरिकेच्या नागरिकानं जगात कुठंही चूल मांडली तरी टॅक्सचा रिटर्न तिकडं पाठवावाच लागतो. नवरा विनय ब्रिटिश. त्या फॉर्मच्या भाषेत तो परका, म्हणजे ‘एलियन’. डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरून तो दरवर्षी विचारायचा, "माझ्या ग्रहाचं नाव लिहिलंस का?"

सासरे भीमराव, म्हणजे अप्पा, पेपराआडून म्हणायचे, "मस्करी नको रे. सरकारी काम आहे."

फॉर्ममध्ये एक प्रश्न असायचा: परदेशात, म्हणजे अमेरिकेबाहेर, मोठी रक्कम असलेलं खातं आहे का? मीनल ‘नाही’वर खूण करायची, आणि आपण खोटं लिहितोय असं तिच्या मनातही यायचं नाही. तिचं न् विनयचं खातं होतं जेमतेम. दुसऱ्या खात्यावर पहिलं नाव तिचं होतं, पण ते समाजाचं. बुद्धविहार बांधायला पंचवीस-तीस घरं वर्षानुवर्षं पोटाला चिमटा घेऊन त्यात भर घालत होती. पुरुषांच्या नावावर ठेवलं की भांडणं होतात, हा अप्पांचा अनुभव; म्हणून मीनल लग्न होऊन आली त्याच आठवड्यात अप्पांनी तिला बँकेत नेलं आणि स्वतःच्या नावाआधी तिचं नाव घातलं. ती अभिमानानं सांगायची, "मला दागिना नाही, सही मिळाली."

त्र्याण्णव साली तिला शाळेच्या लायब्ररीत नोकरी लागली. आता रिटर्न नीट भरावा म्हणून ती स्टॅनमोरच्या अतुलकडे गेली. तो असले अमेरिकन रिटर्न भरून द्यायचा. बोलता बोलता खात्याचा विषय निघाला आणि अतुलनं पेन खाली ठेवलं.

"बघा वहिनी, मनी तुमचा नाही, फाइन. पण नेम तुमचं, सिग्नेचर तुमची. डिक्लेअर करावंच लागेल. मागच्या वर्षांचंसुद्धा."

"पण ते माझी नाहीच आहे."

"हे मला पटतंय. फॉर्मला कसं पटवणार?"

घरी आल्यावर तिनं अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"उद्या बँकेत जाऊ. तुझं नाव काढून टाकू. झालं."

"मागचं कसं काढणार, अप्पा?"

"मागचं कोण उकरतंय? लोक म्हणतील, भीमरावानं समाजाचा पैसा अमेरिकेला दाखवला. घरं तुटतील पोरी. एकदा विश्वास उडाला की विहार काय, चार माणसं वंदनेला यायची नाहीत."

मीनल लग्नानंतर पहिल्यांदाच अप्पांना ‘नाही’ म्हणाली. "मी रविवारी सगळ्यांना सांगते. मग नाव काढा नाहीतर ठेवा."

रविवारपर्यंत दोघं एकमेकांशी मिठापुरतं बोलले.

वंदना झाली. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये मीनल उभी राहिली आणि आपल्या मोडक्या मराठीत काही न गाळता बोलली. मग भगवानकाका सुरू झाले. त्यांचा आवाज पहिल्या वाक्यापासून सभेचाच असायचा.

"माझं स्पष्ट मत आहे. आपण इथले. पैसा इथला. मधेच ही अमेरिका कुठून उपटली?"

"सुनेबरोबर आली," मागून कुणीतरी म्हणालं. थोडे हसले.

रंभाबाई हसल्या नाहीत. "मी ऑफिसं पुसून दिलेत ते पैसे. आमची नावं जाणार का तिकडं?"

"नाही मावशी. फक्त माझा आणि अप्पांचा."

"मग काढा हिचं नाव आजच," भगवानकाका म्हणाले. "मागचं मिटवा. भीमराव, तुम्ही बोला."

अप्पा सावकाश उठले.

"चौसष्ट साली मी इथं आलो. खोली द्यायला आपलाच एक देशबंधू तयार होता, पण त्यानं आडनाव विचारलं. मी दुसरंच सांगितलं. वरच्या जातीचं. वर्षभर त्या खोलीत राहिलो. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, कळलं याला. पत्रं मित्राच्या पत्त्यावर मागवायचो, बाबासाहेबांचा फोटो पेटीच्या तळाशी." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "हे विनयलाही ठाऊक नाही. लपून राहणं काय असतं ते मी भोगलंय. सुनेला त्या खोलीत मी ढकलणार नाही. ती लिहील. नावही राहील."

मान्य म्हणून हात वर झाले. सगळे नाही. रंभाबाईंचा हात मांडीवरच राहिला, आणि भगवानकाका चहा न घेता गेले.

संध्याकाळी मीनल फॉर्म घेऊन बसली. अप्पा समोरची खुर्ची ओढून बसले.

"या ओळीत काय विचारलंय?"

"खातं कोणाचा आहे."

"समाजाचं लिही."

"तसा रकाना नाही, अप्पा."

त्यांनी चष्मा लावून ती ओळ स्वतः वाचली आणि फॉर्म तिच्याकडे परत सरकवला.

"मग तुझं लिही," ते म्हणाले.