खंडेनवमीची पिन

माझ्या मुलीच्या पिस्तुलाची एक पिन सैल झाली आणि त्या नवरात्रात आमच्या घरात कुणाला धड झोप लागली नाही. पिन म्हणजे केवढी, तर अर्ध्या आगकाडीएवढी. ट्रिगर तिच्यावर अडकवलेला असतो. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल प्रत्येक गोळीला हादरतं, आणि त्या हादऱ्यांनी ही बया एका बाजूने हळूच बाहेर डोकवायची. मुलगी अंगठ्याने ती आत दाबायची आणि पुढचा नेम धरायची. नेमबाजाचं सगळं लक्ष समोरच्या काळ्या गोलावर हवं. हिचं निम्मं अंगठ्यात. आणि राज्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आलेली.

मी इकडे तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. पिना आणि भोकं यांच्यातच माझा जन्म चालला आहे. असली पिन मी जेवणाच्या सुट्टीत करून आणली असती. पण पिस्तुलाची दुरुस्ती करायची ती परवानेवाल्या माणसानेच, असा कायदा. मग काय, संध्याकाळी कंपनीच्या बसने वेस्ट मांबलमला घरी यायचं, उभ्याउभ्या चहा घ्यायचा आणि स्कूटर काढायची. मागे मुलगी, तिच्या मांडीवर कुलूपबंद पेटी, आणि आवडी नावाच्या उपनगरापलीकडच्या नेमबाजीच्या रेंजपर्यंत ट्रॅफिक. पाठीचे तुकडे पडायचे. ती मागून काही बोलायची नाही. मला वाटायचं, मनात नेम धरत असेल.

रेंजवरचा आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हातारा, शस्त्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला आणि इतका नम्र की त्याच्यावर चिडताही येऊ नये. "नाळैक्कु, सार," म्हणायचा. उद्या. एकदा त्याने पिनेला चिकटद्रव लावून पाहिलं. ते दुसऱ्याच सरावात सुटलं. मग म्हणाला, भोक झिजलंय, केसभर जाड पिन लेथवर काढावी लागेल. ती काढून घ्यायला आम्ही अष्टमीला संध्याकाळी पोचलो, तर लेथ धुऊनपुसून चंदनाचे टिळे लावून बसलेला, दाराला केळीचे खांब बांधलेले.

"आयुधपूजा, सार. आता मशीन दसऱ्याला सकाळी. पहिलं काम तुमचंच."

दसऱ्याला सकाळी तर चाचणी. चांगला दिवस म्हणून चाचणी ठेवलेली आणि चांगला दिवस म्हणूनच मशीन बंद ठेवलेलं. भांडणार कुणाशी? माझ्या बॅगेत माझ्याच टूलरूमच्या पूजेची चुरमुऱ्याची पुडी होती. तिथेही त्या दिवशी दुपारपासून मी कुणाला साधा स्क्रू पिळू दिला नव्हता.

घरी आल्यावर मी सारखा उठून पेटी उघडायला लावत होतो. पिन दाबायची, पिस्तूल हलवायचं, पिन बाहेर. बायको म्हणाली, "अहो, बघून बघून ती घट्ट होणार आहे का?"

नवमीला तिने पाटावर सगळी हत्यारं मांडली: विळी, शिलाई मशीनची कात्री, माझा मापं घ्यायचा व्हर्निअर, मधोमध रिकामं पिस्तूल. गंधफूल मुलीने वाहिलं. पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नाही, हे मला का माहीत नाही? तरी दोघी स्वयंपाकघरात गेल्यावर मी अंगठ्याने पिन दाबून पाहिली. हलली नाही. दुसऱ्या बाजूने दाबली. ढिम्म. देवी पावली म्हणतात ते हेच, असं मला अगदी मनापासून वाटलं. टूलरूममध्ये उभा जन्म गेलेल्या माणसाला असं वाटावं, म्हणजे किती दमलो असेन बघा. जेवून आडवा झालो तो दिवेलागणीपर्यंत मेल्यासारखा झोपलो.

दसऱ्याला पहाटे अंघोळ करून मी पिस्तूल पुसायला घेतलं. गंध वाळून कडक झालं होतं. ओलं फडकं फिरवलं तसा पिनेच्या दोन्ही तोंडांपाशी पिवळा चिखल झाला, आणि पिन घसरून माझ्या तळहातावर आली. भोकात आतपर्यंत चंदन होतं. ते टिळा लावताना गेलेलं नव्हतं. कुणीतरी काडीने नीट भरलं होतं.

"मीच भरलं," मुलगी दारातून म्हणाली. सराव नसलेल्या दिवशीचा साधा पंजाबी ड्रेस तिच्या अंगात होता. "परवा सारखे उठत होता तुम्ही. म्हटलं, हलली नाही तर झोपाल तरी."

"अगं, आणि आज रेंजवर सुटली असती म्हणजे?"

"आज मी जात नाहीये, बाबा. कोचना कालच फोन केला."

"ठीक आहे. पिन बसू दे. पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी पण नको." ती माझ्याशेजारी खाली बसली. "खूप महिने झाले, मला नको झालंय. स्कूटरवर रोज म्हणायचं ठरवायची. पण तुम्ही कंपनीतून आल्या आल्या किल्ली घ्यायचात. मग कसं सांगणार? पिन सैल झाली तेव्हा बरंच वाटलं. बरं, आता राहू दे ना."

मी रागवायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं सगळं बोलायचं होतं, आणि ते बोलायचा मला हक्कही होता. पण त्याआधी मनात आलं की आज आवडीला जायचं नाही. उद्याही नाही. मला इतकं हलकं वाटलं, की तिच्याकडे बघवेना.