धाकट्या गौरीचा साचा

श्यामकांतच्या बँकेच्या नोकरीने शकुनला पाच गावं दाखवली आणि प्रत्येक गावात ती काही ना काही शिकली. इंदूरला केक, गुवाहाटीला बांबूच्या टोपल्या आणि आता कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये रबराचे साचे. मिठूबौदीने, म्हणजे खालच्या बंगाली वहिनीने शिकवलं. शकुन बटणांपासून कपाटाच्या मुठींपर्यंत दिसेल त्याचा साचा काढी. हल्ली मी जपूनच झोपतो, असं श्यामकांत येईल त्याला सांगे.

यंदा खरं काम आलं. बदलीच्या सामानात धाकट्या गौरीचा पितळी मुखवटा हरवला होता. बाजारातला सासूबाईंना चालेना. बहिणी सारख्या दिसायला हव्यात. एकटीला बोलवायचं नाही, म्हणून दोन वर्षं त्यांनी गौरी बसवल्याच नव्हत्या. शकुनने थोरलीवरून धाकटी करायची ठरवली.

मुठीएवढा मुखवटा तिने मातीत अर्धा रोवून वरून रबर ओतलं. दुसऱ्या दिवशी तो उलटा करून माती काढली. नवं रबर जुन्याला चिकटू नये म्हणून सगळीकडे व्हॅसलीन फासलं आणि भाजी घेऊन आल्यावर उरलेलं रबर ओतलं.

सकाळी साचा उघडेना. दोन्ही भागांचा एकच गोळा झाला होता. गौरी तीन दिवसांवर आल्या होत्या.

"ते तुपकट होतं ना, ते मी पुसलं," सासूबाई म्हणाल्या. "देवीच्या तोंडाला असलं काय फासायचं? चांगलं कडेपर्यंत पुसलं, मऊ फडक्याने."

शकुनने चिकटलेला गोळा त्यांच्यापुढे धरला. सासूबाईंच्या सगळं लक्षात आलं. "म्हणजे थोरलीलाही मीच घालवली," म्हणत त्या मटकन बसल्या.

मिठूबौदी ब्लेड घेऊन वर आली. सरळ कापू नकोस, नागमोडी काप, असं तिने हिंदीत बजावलं. सासूबाईंनी गोळा मांडीवर धरला आणि रामरक्षा सुरू केली, शकुन कापत गेली. ती संपायच्या आत शेंगेतून दाणा निघावा तशी थोरली बाहेर आली. साचा पुन्हा मिटल्यावर नागमोडी कडा एकमेकींत अशा घट्ट बसल्या की साचा मुळीच हलेना.

प्लॅस्टरची धाकटी निघाली, तिला पितळी रंग दिला. तिच्या कानापासून कानापर्यंत डोक्यावरून एक वाकडीतिकडी रेघ राहिली. शकुनने पॉलिश पेपर घेतला, तो सासूबाईंनी काढून घेतला.

"राहू दे गं. धाकटीचे केस कुरळे आहेत."

गौरी आणायच्या दिवशी शकुन दोघींना घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. रिवाजाप्रमाणे आतून सासूबाईंनी विचारलं, गौर कशाच्या पावलांनी आली?

"सोन्याच्या," शकुन म्हणाली.

सासूबाईंनी दोघींवरून भाकरतुकडा ओवाळला आणि हळूच म्हणाल्या, "थोरली सोन्याच्या. धाकटी रबराच्या."