अजून दोन थेंब

भिंगरीला बसता येत नाही. म्हणजे गुडघे-बिडघे ठणठणीत आहेत; अडचण शरीराला नाही, जिवाला आहे. शाळेत बाई तिला मुद्दाम खडू आणायला, खिडक्या उघडायला, शेजारच्या वर्गात खोटेनाटे निरोप द्यायला पाठवत, का तर निदान बाकीच्या मुलींना तरी दोन अक्षरं शिकता यावीत. तिच्या लग्नाच्या फोटोंत सगळे जण स्वच्छ दिसतात, फक्त नवरी हललेली आहे. नवरा पाहुण्यांना अल्बम दाखवताना म्हणतो, "माझं लग्न एका धुक्याशी झालंय."

नवरा बसचा ड्रायव्हर. दिवसभर एका जागी बसून राहण्याचेच त्याला पैसे मिळतात. सासूबाई म्हणायच्या, "एक खिळा, एक भोवरा. देवाने जोडा बघून लावलाय."

लग्नानंतर भिंगरीला एका सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीत नोकरी लागली होती. चार भिंती, एक स्टूल आणि हात जाईल एवढं भोक. तिथे तिने स्टूल सोडून सगळं केलं. उभ्याने तिकिटं फाडली, रांगेतल्या आजोबांना हाताला धरून आत बसवून आली, आणि एकदा खिडकी उघडी टाकून पडद्याची दोरी का अडकते ते बघायला गेली. मॅनेजर म्हणाला, "बाई, तुम्ही चांगल्या आहात, पण इथे नको." ते स्टूल अजून तिच्या स्वप्नात येतं. कुठलंही काम हातचं जायला लागलं, की आधी ते स्टूल दिसतं.

म्हणून कपडे धुण्याच्या पावडरीवर तिचा जीव. मागच्या खोलीत सगळं काम उभ्याने. साबणाच्या वड्या किसायच्या, कीस पंख्याखाली वाळवायचा, घमेल्यात धुण्याचा सोडा आणि मीठ घेऊन त्यात मिसळायचा, पाण्याचा हबका मारून मळायचं, चाळायचं, पिशव्या भरायच्या आणि जिने चढून-उतरून गल्लीभर पोचवायच्या. हे काम जणू तिच्या पायांच्या मापाने शिवलेलं होतं. फक्त एक टाका उसवलेला. पाणी लागलं की सोडा आतून तापतो, आणि त्या उबेत सुगंधी तेल टाकलं तर वास वाफेबरोबर उडून जातो. पावडर गार होईपर्यंत थांबावं लागतं. काही करायचं नाही, नुसतं थांबायचं! या वेळात भिंगरीने आजवर घरातले पडदे धुतलेत, माळा आवरलाय, आणि काही बिघडलेलं नसताना नळ उघडून परत बसवलाय.

पावडर गार झाली की वासाचं काम. गवती चहाचं तेल आधी मूठभर मिठात चोळायचं, मग ते मीठ सगळ्या घमेल्यात कालवायचं. किती थेंब, हे मात्र भिंगरीला कळत नाही. सतत साबण किसून तिचं नाक मेलंय. तिला जगात एकच वास येतो, साबणाचा. म्हणून घराचं नाक सासूबाई.

तो एक सोहळाच असायचा. भिंगरी पावडरची चिमूट कोमट पाण्यात विरघळवून त्यात पांढरा रुमाल बुडवणार, पिळणार, आणि खिडकीजवळच्या खुर्चीतल्या सासूबाईंसमोर धरणार. सासूबाई आधी स्वतःच्या कोपराला नाक लावून आधीचे वास पुसून ते 'कोरं' करून घेणार. मग रुमाल. मग डोळे मिटणार. भिंगरी खुर्चीच्या हातावर टेकून पाय हलवत, जीव मुठीत धरून वाट बघणार.

"अजून दोन थेंब."

भिंगरी धावत आत, धावत बाहेर.

"हं... बास."

बास म्हटलं की बास. सासूबाईंचे गुडघे गेले, डोळे अधू झाले, स्वयंपाकघरातून त्यांना कधीच निवृत्त केलं होतं. पण हा शब्द त्यांचा होता. त्याच्याशिवाय पिशवीचं तोंड शिवलं जात नसे.

तर एके दिवशी जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याने भिंगरीला हाक मारली. गल्लीतले सगळे कपडे त्याच्या टेबलावरून जातात. लोक एक वेळ घर बदलतील, पण इस्त्रीवाला बदलणार नाहीत, असा त्याचा दरारा.

"वहिनी, जरा थांबता?"

"थांबायला वेळ नाही, चालता चालता बोला."

"मी चालायला लागलो तर शर्ट जळेल. या इकडे. हा वास घ्या."

"मला वास येत नाही, माहितेय ना तुम्हाला?"

"नशीबवान आहात." त्याने चादरीवर इस्त्री टेकवली. वाफेचा लोट उठला तसा तो तोंड फिरवून खोकला. "थंड कपड्यात कळत नाही कुणाला. गरम इस्त्री बसली की दडलेला सगळा वास उठतो. एका चादरीला तीनदा रस्त्यावर जाऊन उभा राहतोय मी. गिऱ्हाईक विचारतंय, काका, प्रेमभंग झाला का, डोळे लाल का?"

"या वयात कुणाचा होतोय?"

"हसू नका. आधी तुमची पावडर छान होती, मीच चार घरं मिळवून दिली की नाही? पण आता डोकं उठतं. पुढची खेपही अशीच निघाली तर तुमच्या पावडरीत धुतलेला कपडा मी टेबलावर घेणार नाही. मग लोकांनी ठरवावं, पावडर की इस्त्री."

लोक काय ठरवतील हे भिंगरीला शर्टाच्या कॉलरइतकं सरळ दिसलं. आणि त्यामागून ते स्टूल दिसलं.

त्या दिवसापासून तिची चक्रं दुप्पट वेगाने फिरायला लागली. तेलवाल्याच्या दुकानात जाऊन भांडली, "तुम्ही तेल जास्त कडक द्यायला लागलात." तेलवाला म्हणाला, "कडक दिल्याबद्दल भांडणारं हे पहिलंच गिऱ्हाईक." तिने मीठ बदललं. ड्रॉपर बदलला. घमेलं घासून उन्हात पालथं घातलं. मग तिला वाटलं की आपणच घाईत मोजायला चुकतो, म्हणून ती थेंब मोठ्याने मोजायला लागली, तर आतल्या खोलीत झोपलेला नवरा दचकून उठला आणि म्हणाला, "कुणाचा लिलाव चाललाय?" एवढं करून रुमाल सासूबाईंपुढे धरावा, तर,

"अजून दोन थेंब."

"आई, इस्त्रीवाला म्हणतो जास्त होतंय."

"त्याचं नाक कोळशाने भाजलंय."

"विजेची इस्त्री आहे हो त्याची."

"मग विजेने. टाक अजून दोन."

भिंगरीने टाकले. मनात पाल चुकचुकत होती, पण सासूबाईंच्या नाकावर शंका घेणं म्हणजे या घरात सूर्य कुठून उगवतो ते विचारण्यासारखं. याच नाकाने एकदा तिसऱ्या मजल्यावरची गॅसगळती ओळखली होती. हेच नाक नवऱ्याची सिगारेट त्याने पेटवायच्या आधी पकडायचं.

मग एका संध्याकाळी मोज्यांचा प्रकार घडला. नवरा पावसात भिजून आला, बूट काढले आणि मोजे सासूबाईंच्या खुर्चीखाली भिरकावून आत गेला. बसच्या ड्रायव्हरचे मोजे! दिवसभर इंजिनाच्या उबेत शिजलेले. पूर्वी असं झालं की सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या घर डोक्यावर घ्यायच्या: "अरे, कुणी काय मारून टाकलंय इथे?" आज सासूबाई शांतपणे शेंगा सोलत होत्या. शेजारीण काहीतरी मागायला दारात आली आणि नाकाला पदर लावून "नंतर येते हं" म्हणत परतली. सासूबाई म्हणाल्या, "ही अशी कशी गेली?"

भिंगरी उंबऱ्यात उभी होती. मोज्यांकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिचे पाय आपणहून थांबले.

मध्यंतरी सासूबाईंना मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतरची 'जेवण मिळमिळीत लागतं' ही कुरकूर, 'मीठ विसरलीस का' हा रोजचा टोला, सगळं तिला आता आठवलं. म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पावडर केली, गार होऊ दिली, आणि तेलाची बाटली फडताळातून काढलीच नाही. नुसत्या पावडरीचा रुमाल भिजवला आणि खुर्चीपाशी जाऊन टेकली. सासूबाईंनी कोपराला नाक लावलं. रुमाल हुंगला. डोळे मिटले.

"अजून दोन थेंब."

भिंगरी आत गेली, भिंतीला टेकून उभी राहिली, तोच रुमाल घेऊन परत आली.

"हं. येतोय. पण अजून दोन."

पुन्हा आत. पुन्हा तोच रुमाल.

"आता कसं! बास. मस्त उतरलाय गवती चहा."

"आई," भिंगरी म्हणाली, "त्यात एक थेंबसुद्धा नाही."

सासूबाईंनी रुमालाची घडी घातली. परत उलगडली. कोपऱ्याला कोपरा जुळवून पुन्हा घातली.

"कधीपासून येत नाही वास?" भिंगरीने विचारलं.

"तापापासून."

"आणि सांगितलं नाहीत? आई, धंदा बुडायला आलाय माझा! इस्त्रीवाला कपडे घेत नाही म्हणतोय. मी त्या तेलवाल्याशी किती भांडले! मोजून मोजून माझं डोकं फिरलं, आणि तुम्ही आपल्या इथे बसून दोन थेंब, दोन थेंब! येत नाही तर नुसतं 'बास' म्हणायचं ना! पहिल्याच वेळी म्हणायचं, एवढं वाटोळं तरी झालं नसतं!"

"पहिल्याच वेळी बास म्हटलं की तू उठतेस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? उठतेस आणि जातेस. मग दुसरी पावडर होईपर्यंत या खुर्चीकडे येतेस का तू? तो घरात आला की झोपतो. तू घरात असलीस तरी वाऱ्यासारखी. पदराचं टोक दिसतं, माणूस दिसत नाही. तेवढ्या एका रुमालापुरती टेकतेस माझ्याजवळ. 'दोन थेंब' म्हटलं की परत येतेस." सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "कधी चार म्हणावंसं वाटायचं. पण म्हटलं, तुझं तेल महाग."

भिंगरीच्या तोंडाशी एक कडक उत्तर आलेलं होतं. ते तिने तसंच गिळलं. ती उठली, खोलीच्या दारापर्यंत गेली, परत आली, पंखा बंद केला, चालू केला.

"बस की," सासूबाई म्हणाल्या.

"बसले तर रडेन."

"मग उभी राहा."

पण काही झालं तरी पावडर करायची होती, आणि नाक तर हवंच होतं. नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता. ज्याला स्वतःचे मोजे कळत नाहीत त्याला गवती चहा काय कळणार? भिंगरी जिना उतरून इस्त्रीवाल्यापुढे उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "पुढच्या खेपेला तुम्ही वर यायचं. इस्त्री घेऊन. रुमाल गरम करून तुम्हीच वास घ्यायचा आणि सांगायचं."

"आणि तुमच्या सासूबाई? त्या मला जिन्यावरून ढकलून देतील."

"त्यांच्याशी मी बोलते."

बोलणं सोपं नव्हतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत ताठ झाल्या.

"म्हणजे आता परका माणूस माझ्या घरात येऊन नाक खुपसणार."

"आई, नाक खुपसायलाच बोलावलंय त्याला."

"आणि मी काय करायचं? फडताळात ठेवायचीस मला?"

भिंगरी हात पुसत होती. कोरडेच हात, पण पुसत होती. "तो वास घेईल, आई. पण शब्द तुमचा. तो नुसती मान हलवेल. तुम्ही 'बास' म्हणाल्याशिवाय मी पिशवी शिवणार नाही."

"तोंडाने बोलायचं नाही त्याने?"

"एक अक्षर नाही."

"खोकायचंही नाही. मोठ्याने खोकतो मेला." सासूबाईंनी पदर सारखा केला. "आणि तू बसायचंस. खुर्चीच्या हातावर नाही. स्टूल घेऊन."

ते स्टूल! भिंगरीने पुसलेले हात पुन्हा पुसले. पण ती हो म्हणाली.

पावडर गार झाली तेव्हा इस्त्रीवाला वर आला, इस्त्री छातीशी धरून, नव्या जावयासारखा संकोचत. भिंगरीने मिठात मोजके थेंब चोळले, मीठ घमेल्यात कालवलं, रुमाल भिजवून पिळून त्याच्या हाती दिला. त्याने खिडकीच्या कठड्यावर फळी टाकून इस्त्री फिरवली. वाफ उठली. त्याने नाक पुढे केलं, तोंड उघडलं, सासूबाईंकडे बघितलं आणि मिटलं. मग डावीकडून उजवीकडे मान हलवली आणि दोन बोटं दाखवली.

"अजून दोन थेंब," सासूबाई म्हणाल्या.

भिंगरी धावली, आली, स्टूलावर बसली. पुन्हा इस्त्री, पुन्हा वाफ. इस्त्रीवाला वाफेतून बाहेर आला तो डोळे कोरडे ठेवून, आणि चेहरा असा, जणू कुणीतरी त्याला सुट्टी दिलीय. त्याने खालपासून वरपर्यंत मनापासून मान डोलवली. एकदा नाही, चारदा.

भिंगरी अर्धी उठली. सुई-दोरा हातात तयार, पिशव्यांची थप्पी तयार, खाली जिने वाट बघत होते.

सासूबाईंनी रुमाल मागून घेतला. कोपराला नाक लावलं. सावकाश. मग रुमाल. मग डोळे मिटले.

इस्त्रीवाल्याने भिंगरीकडे बघितलं. भिंगरीने सासूबाईंकडे. तिचा पाय स्टूलाखाली फडफडत होता.

"आई?"

"थांब," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "ठरवतेय मी."

भिंगरी परत खाली बसली.