आवाजाला न बुजणारी गाय

सुरतेत, उधन्याच्या लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात उभी हयात गेली. तिथे शेजारच्याकडे तंबाखू मागायची तरी बोंबलावं लागतं. तो आवाज घशात बसला तो कायमचा. घरी जेवायला बसलो की बायको माझ्या मनगटावर बोट ठेवायची. म्हणजे, आवाज खाली आणा. ती वारली तेव्हापासून डिंडोलीच्या खोलीत तसं सांगणारं कुणी नाही, आणि माझं ऐकणारंही कुणी नाही. मुलगा इच्छापोरला कारखान्यात आहे. फोनवर "बाबा, ओरडू नका" म्हणतो आणि ठेवून देतो.

म्हणून खातं सोडलं तेव्हाच ठरवलं, शिरपूरकडच्या आपल्या दोन बिघ्यांवर जाऊन राहायचं आणि एक गाय पाळायची. शेणखत, घरचं दूध, अशी कारणं मुलाला सांगितली. खरं कारण एवढंच, की संध्याकाळी आपल्या दारात कुणीतरी असावं.

गाय म्हणजे खिल्लारी, यात मला शंका नव्हती. वडिलांच्या दावणीला दुसरी जात कधी आली नाही. पांढरीशुभ्र, ताठ शिंगांची, तोऱ्यातली. गावाकडे एक विकायची होती, ती बघायला गेलो. कौतुकाने पुढे होऊन "ये माय, ये" म्हटलं मात्र, तिने असा हिसका दिला की खुंटा हलला.

"भाऊ, धीरे बोला. गाय बुजस," मालक म्हणाला.

"मी कोठे वरडी राह्यनू?"

ती आणखी मागे सरली. तिचं काय चुकलं म्हणा, जातच तापट. पण मला फार लागलं. तसाच सुरतेच्या बसमध्ये जाऊन बसलो.

डिंडोलीच्या टोकाला एका भरवाडाचा, म्हणजे गुजराती गवळ्याचा, तबेला आहे. त्याच्याकडे गीर गायी. लोंबते कान, फुगलेलं कपाळ. वडिलांनी नाक मुरडलं असतं. एक दिवस तिथे गेलो आणि मुद्दामच, खात्यातल्या आवाजात, एका गायीला सगळं सांगत सुटलो. खोली, मुलगा, ती खिल्लारी, सगळं. भरवाड बघतोय म्हटल्यावर ओशाळून थांबलो.

"काका, बोलो ने. कंई वांधो नथी," तो म्हणाला.

मी पुन्हा सुरू झालो. गाय बुजली नाही. रवंथ थांबवून पुढे आली आणि माझ्या मनगटावरून खरबरीत जीभ फिरवली.

मी आपोआप आवाज खाली आणला.