अडलेला कौल

मी जन्मभर कचेरीत कारकून होतो. सही-शिक्का नसेल तर सख्ख्या भावाचंही ऐकायचो नाही. देव, कौल, गाऱ्हाणं हे सगळं आमच्या हिचं खातं! तेव्हा हसायचं तर खुशाल हसा... मी घडलं तेवढंच लिहितोय.

आम्ही रत्नागिरीजवळ, भाट्याच्या थोडं पुढे राहतो. मूलबाळ नाही. वाडीच्या टोकाला दिनेश टेम्पोवाल्याची आंधळी आई राहते. ही तिला रोज दुपारी पेजेचा डबा न्यायची. गेल्या आंब्याच्या हंगामात डबा देऊन परत येताना त्याच दिनेशच्या टेम्पोनं हिला उडवलं. मोबाईलवर बोलत होता मेला. ही जागीच गेली. तो जामिनावर सुटला आणि आईला टाकून मुंबईला पळाला.

माझं डोकंच फिरलं होतं. महिन्याभरानं एका सकाळी नऊला ग्रामदेवीच्या देवळात गेलो आणि गुरवाला म्हटलं, दिनेशच्या घराचं वाटोळं होऊ दे, असं गाऱ्हाणं घाल. तो बिचारा नको नको म्हणत होता. शेवटी त्यानं देवीच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

एकही पडेना. दहा वाजले, अकरा... वर पंखा गरगरतोय, पाकळ्या सुकून पार वळल्या, तरी दोन्ही जागच्या जागी. गुरव घाबरला.

"तात्या, बापाच्या वेळेपासनं असं बघितलं नाही हो. मागे घ्या गाऱ्हाणं."

मी हट्टानं बसून राहिलो. बारा वाजले आणि एकदम मनात आलं — या वेळी ही डबा भरायची. म्हातारीला आता कोण देतं? मला रडू कोसळलं. म्हटलं, "नको. त्याचं वाईट नको. म्हातारीचा डबा मी नेईन."

एवढं बोललो आणि उजवी पाकळी पडली.

तीन तास सुकलेली पाकळी नेमकी तेव्हाच का पडली, मला अजून सांगता येत नाही. त्या दिवसापासून डबा चुकवलेला नाही. पेज कधी करपते, म्हातारी निमूट खाते. परत येताना ती जागा लागते... तिथे पाय अडखळतोच. घरी येऊन डबा घासतो, हिच्यासारखा खिडकीत पालथा घालतो. 'बघा, मी सांगत नव्हते?' असं म्हणणारी तेवढी घरात नाही.